बेल दाबून धरा

९ जून, सोमवार

बिल्ड करणाऱ्यांनो! दहा जणांच्या कोडची मोट बांधून त्याची एक इमेज करणाऱ्या, ती चिपमध्ये उतरवणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो! सगळं सुरळीत चाललं तर आपलं नाव कुणाला ठाऊक नसतं. बिघडलं की पहिला फोन आपल्याला!

— हे आज मीटिंगमध्ये म्हणायचं होतं. पहिलं वाक्यही पुरं झालं नाही. राघव म्हणाला, "सुमित्रा जी, ये मंच नहीं है, मीटिंग है." सगळे हसले. मीही हसले, हे जास्त लागलं. आमचा मॅनेजर आहे तो, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. आडवं बोलत नाही कधी. गोड बोलूनच तोंड बंद करतो.

म्हणून इथे लिहिते. कागद मध्येच बोलत नाही.

झालं ते असं. शनिवारी दुपारी गाझियाबादच्या एका टॉवरमध्ये वीज गेली, आली, परत गेली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक म्हातारी बाई, एकटी. आमची 'पुकार' तिथे भिंतीवर होती. पुकार म्हणजे लिफ्टमधली संकटाची पेटी. तिला स्वतःची बॅटरी असते. बेल दाबली की खाली गार्डशी बोलता येतं, त्याने नाही उचलला तर सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन जातो. हेच एक काम तिचं. बाईंनी बेल दाबली. पेटी मेलेली! बाहेर काढल्यावर त्यांना थेट इस्पितळात न्यावं लागलं.

मीटिंगचा विषय काय, तर 'कस्टमर को क्या बोलना है.' पेटी का मेली, हा विषय नव्हता.

१० जून, मंगळवार

पेटी ऑफिसात आली. उघडली, केबल जोडली, चालू होताना ती काय बडबडते ते स्क्रीनवर पाहिलं. चौथी-पाचवी ओळ परत परत वाचली.

नीट लिहून ठेवते. उद्या कुणी 'समजलं नाही' म्हणायला नको.

पेटीत दोन इमेज असतात, म्हणजे पेटी चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या दोन प्रती. पहिली रोजची. तिला काही झालं तर पेटी आपोआप दुसरीवर जाते, ती राखीव, म्हणजे रिकव्हरी. वीज सारखी ये-जा करते तेव्हा पहिली खराब होऊ शकते. दुसरी ठेवली आहे ती त्याच दिवसासाठी!

आता फ्लॅश चिपमध्ये लिहिताना एकेक अक्षर लिहिता येत नाही. पानच्या पान लिहावं लागतं. जुन्या चिपचं पान दोन किलोबाइटचं. डिसेंबरात ती चिप मिळेना, तेव्हा खरेदीवाल्यांनी दुसरी आणली. तेवढीच मोठी, तशीच दिसणारी, त्याच जागी बसणारी. पान मात्र चार किलोबाइटचं. इमेज तयार करताना पेज साइझ सांगावा लागतो, कॉन्फिगमध्ये एक ओळ असते. पहिल्या इमेजची ओळ जानेवारीत मी बदलली. बदलावीच लागली, नाहीतर पेटी चालूच होत नव्हती.

दुसरीची ओळ कुणी बदलली नाही.

इमेजच्या पहिल्या दोन पानांच्या सुरुवातीला पेटीला ओळख पटवणारी एकेक खूण असते. दुसऱ्या इमेजने त्यातली दुसरी खूण ठेवली आहे दोन किलोबाइटवर. चिपच्या हिशेबाने तो पहिल्या पानाचा मध्य. पेटी खूण शोधते दुसऱ्या पानाच्या सुरुवातीला. तिथे भलतंच काही. पेटी म्हणते, हे माझं नाही — आणि थांबते. लाल दिवा लावून बसून राहते.

जानेवारीपासून बसवलेल्या प्रत्येक पेटीत हेच आहे! पहिली इमेज शाबूत आहे तोवर कुणाला कळणार नाही. वीज गेली, लिफ्ट अडकली, आत माणूस आहे — नेमकं तेव्हाच कळेल.

जानेवारीत मी म्हटलं होतं, दुसरीही नव्याने बिल्ड करू. राघव म्हणाला, "रिकवरी को हाथ नहीं लगाना, वो सर्टिफाइड है." देवघरातल्या मूर्तीबद्दल बोलावं तसं! मी आणखी दोनदा म्हटलं. "अच्छा, देखते हैं" म्हणाला. बघितलं त्यांनी.

११ जून, बुधवार

मग टेस्टमध्ये कसं सापडलं नाही? हा प्रश्न सकाळपासून प्रज्ञाच्या चेहऱ्यावर होता. टेस्टिंग ती करते. वडील लष्करात सुभेदार होते, ती कँटोन्मेंटमध्ये वाढलेली. आवाज बारीक, पण काम शिस्तीचं.

"ताई, मी केली होती टेस्ट. बिल्कुल केली होती. स्विच बंद, बेल दाबून धरायची, स्विच चालू. तसं केलं की पेटी थेट दुसऱ्या इमेजवर जाते. हिरवा दिवा लागला होता. मी पाहिलाय."

"कुठल्या बोर्डवर?"

बेंचकडे बघितलं तिने.

आमच्या बेंचवर एक बोर्ड आहे, सगळ्यात पहिला बनलेला. त्याच्या कोपऱ्यावर अजून कुंकवाचा डाग आहे. खंडेनवमीला आम्ही दोघी त्याची पूजा करतो. सोल्डरिंगची गन, मीटर आणि तो बोर्ड. उत्तरेकडचे सगळे आधी बघत राहायचे, आता पेढ्यासाठी रांग लावतात. तो बोर्ड कधी दगा देत नाही, म्हणून सगळं त्याच्यावरच तपासतात. नव्या चिपचे बोर्ड आले तसे पेट्यांत बसून गेले. बेंचवर एकही राहिला नाही. राहिला तो लाडका. जुन्या चिपचा!

गाझियाबादच्या पेटीत मी पहिली इमेज नव्याने भरली. रोजच्यासारखी सुरू झाली, बेल वाजली, आवाज पलीकडे पोचला. शहाण्यासारखी! मग बंद केली. प्रज्ञाने बेल दाबून धरली, मी स्विच चालू केला.

लाल.

परत केलं. लाल. तिने बोट काढलंच नाही बेलवरून. मी म्हटलं, "सोड गं आता."

१३ जून, शुक्रवार

राघवला सगळं दाखवलं. समजलं त्याला, हुशार आहे. तेच तर दुःख!

मी म्हटलं, सगळ्या सोसायट्यांना आज कळवा. दुरून फक्त पहिली इमेज बदलता येते, दुसरीला कुलूप आहे, माणूस पाठवूनच बदलावी लागेल. तोवर लोकांना माहीत तरी असू दे.

"मॅडम, प्रोबॅबिलिटी देखिए. पहली इमेज करप्ट हो, उसी वक्त लिफ्ट फँसे, उसी वक्त अंदर कोई हो..."

"राघव, ही तीन संकटं वेगळी नाहीत. एकाच वीज जाण्याची तीन पोरं आहेत ती!" हिंदीत म्हटलं, पण असंच म्हटलं.

तो हसला. "क्या बोलती हैं आप! लिख के रखना चाहिए." आणि मग त्याच आवाजात — पुढच्या वार्षिक सर्व्हिस व्हिजिटला दुसरी इमेज बदलू. गाझियाबादच्या अहवालात कारण लिहायचं, साइटवर विजेचा झटका. बाहेर कुणाशी एक शब्द नाही. प्रज्ञालाही वेगळं बोलावून हेच सांगितलं. बाहेर आली ती कान लाल करून.

आयुष्यभर मी सॉक्रेटिसच्या पेल्यावर आणि आगरकरांच्या बाण्यावर बोलत आले. दिल्लीच्या मराठी मंडळात माझं नाव पत्रिकेवर असलं की खुर्च्या मागवाव्या लागतात. आणि या काचेच्या खोलीत एका पेज साइझसाठी माझा आवाज दारापर्यंत पोचत नाही!

१४ जून, शनिवार

त्या बाईंना भेटून आले. कुणाला न सांगता. मेट्रोने द्वारकेहून वैशाली, म्हणजे ब्लू लाइनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुढे ई-रिक्षा. ऊन असं की रिक्षाची दांडी धरवत नव्हती.

मिसेस माथुर. शाळेत भूगोल शिकवायच्या. इस्पितळातून घरी आल्यात, हाताला सलाइनची पट्टी अजून. मी सांगितलं, पेटी बनवणाऱ्या कंपनीतून आले. मला वाटलं दार लावतील. त्यांनी रूह-अफ़ज़ा केलं.

"बेटा, लाल बत्ती जल रही थी न, तो मुझे लगा चालू है. मैं बोलती रही. फ्लॅट नंबर बताया, नाम बताया. मुझे लगा कोई सुन रहा है, बस जवाब नहीं दे रहा. फिर मैंने सोचा, शायद मैं बदतमीज़ी से बोल रही हूँ. तो प्लीज़ लगाया."

त्या हे हसत सांगत होत्या!

मी काय बोलले? काही नाही. वक्ता म्हणे. सरबत संपवलं, पेला धुवायला स्वयंपाकघरात नेला, तर म्हणाल्या, "अरे रहने दो." तेवढंच.

१६ जून, सोमवार

जेवताना सगळं सांगितलं घरी. रेवती म्हणाली, "आई, तू मघाशी म्हणालीस ते दिरंगाई म्हणजे काय?"

"उशीर. पण लाज नसलेला."

"अच्छा, म्हणजे बाबांचं ऑफिस."

सूर्यकांत चिडला नाही. तीस वर्षं मंत्रालयात फायली पुढे सरकवल्यावर माणूस चिडत नाही. पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, "तू नोटिंग कर. फाइलवर लेखी आलं की तू मोकळी."

"मी मोकळी. आणि लिफ्टमधली?"

"ती तुझ्या अखत्यारीत येत नाही."

अखत्यारीत! रेवतीने हा शब्द विचारला नाही. तो तिला बरोबर कळतो.

१८ जून, बुधवार

प्रज्ञा डबा न उघडता बसली होती. शेवटी बोलली. तिच्या आईवडिलांनी यंदाच्या फेब्रुवारीत गुरुग्रामला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला, अकराव्या मजल्यावर. त्या सोसायटीत पुकार बसवायला हिनेच सांगितलं होतं. अभिमानाने! तिचे वडील, शहाजीराव, खाली येऊन गार्डला म्हणाले होते, "ये मेरी बेटी ने बनाया है."

मी विचारलं, "सांगितलंस त्यांना?"

"कारण नाही सांगितलं. बोलायचं नाही म्हणालेत ना. फक्त म्हटलं, बाबा, काही दिवस जिन्याने जा."

"मग?"

"म्हणाले, अगं सियाचीनला चढलोय मी. पण तेव्हा गुडघे माझे होते."

हसलो दोघी. मग तिचं हसू वाकडं झालं. "आई रोज सकाळी लिफ्टने दूध आणायला जाते, ताई. मी इकडून फोन लावते आणि ती घरात पोचेपर्यंत ठेवत नाही. तिला वाटतं, पोरीला फार आठवण येते."

२० जून, शुक्रवार

दुसरी इमेज नव्याने बिल्ड केली, गाझियाबादच्या पेटीत भरली. पेज साइझ चार किलोबाइट. एक आकडा बदलला, एवढंच. प्रज्ञाने बेल दाबून धरली.

हिरवा!

राघवला दाखवलं. "परफेक्ट. नए प्रोडक्शन में डाल दो." आणि बसवलेल्या पेट्या? "सुमित्रा जी, हो गई न बात."

२१ जून, शनिवार

मंडळाचा फोन. शाहू जयंतीचं व्याख्यान यंदाही मलाच. 'काहीतरी जळजळीत होऊ द्या, सुमित्राताई.'

होऊ देते. विषय दिला — 'उत्तरदायित्व'. उभी राहीन आणि सगळं सांगेन. पेटी, चिप, ओळ, प्लीज म्हणणारी बाई. कंपनीत मंच नाही ना? माझा मंच माझा आहे!

२५ जून, बुधवार

वीज चारदा गेली आज. प्रत्येक वेळी प्रज्ञाने घरी फोन लावला. राघव म्हणाला, "घर पे सब ठीक?" ती म्हणाली, "जी सर."

२८ जून, शनिवार

भाषण झालं.

हॉल भरलेला. मागे उभे होते लोक. मी इब्सेन आणला, महात्मा फुले आणले, ज्या राजाची जयंती त्या राजाचा वटहुकूम आणला. 'जो आपल्या हाताखालच्या यंत्राला माणूस समजतो आणि माणसाला आकडा, त्याच्या हाती दोन्ही सुरक्षित नाहीत' असं म्हटलं, तेव्हा टाळ्या थांबेनात. पाणी प्यायले. मग पुढच्या ओळीत नेहमीचे सगळे दिसले. मंत्रालयातले, बँकेतले, आमच्याच कंपनीला माल पुरवणारे एक गृहस्थ, मांडीवर थाप मारून दाद देणारे. आणि सूर्यकांत, पुढच्या वर्षी निवृत्त होणारा.

मी पुढचं पान उलटलं.

'पुकार' हा शब्द त्या पानावर होता. मी शेवटच्या पानावर गेले. शेवट चांगला झाला. सगळे उभे राहिले.

चहाला प्रज्ञा आली, आईवडिलांना घेऊन. शहाजीरावांनी कडक नमस्कार केला, म्हणाले, "मॅडम, अंगावर काटा आला." प्रज्ञा त्यांच्या मागे. ते समोशाकडे वळले तेव्हा हळूच म्हणाली, "छान झालं, ताई. मी वाट बघत होते. नाव येईल म्हणून."

रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर उत्तर होतं माझ्याकडे. मला सगळ्या रागांची उत्तरं पाठ आहेत.

गाडीत सूर्यकांत खुशीत. "तुझ्या भाषणाचं हेच तर बरं असतं. एवढं जळजळीत, पण कुणालाच लागत नाही."

त्याला ते कौतुक वाटलं! अजून वाटतंय.

३० जून, सोमवार

भाषणाची क्लिप कुणीतरी ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. खाली राघवचे टाळ्या वाजवणारे हात. 'सुपर्ब मॅडम! मराठी पूरी समझ नहीं आई पर जवाबदेही पर क्या बोलीं आप! टीम, सब लोग देखें.'

टीमने पाहिलं. मग त्याने गाझियाबादचा अहवाल सहीसाठी टेबलावर ठेवला. कारण — साइटवर विजेचा झटका.

सही केली नाही. नाही म्हटलंही नाही. ड्रॉवरमध्ये ठेवला. याला काय म्हणतात, रेवतीला परवाच सांगितलंय मी.

१ जुलै, मंगळवार

आज प्रज्ञाच्या आईवडिलांच्या टॉवरची वीज गेली तेव्हा तिची आई लिफ्टमध्ये होती.

तीच सांगते तसं लिहिते. फोन चालू होता. आई म्हणत होती, आज दुधाबरोबर दही पण घेतलं, आणि मध्येच, "अगं, थांबली गं." मग आवाज तुटला. लिफ्टमध्ये रेंज जाते. पोरगी टेबलाशी उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, कुणाला उद्देशून कुणास ठाऊक, "बेल दाबू नको. नाही, दाब. दाब!" सगळा मजला बघत राहिला. राघवही.

जनरेटर लगेच लागला. लिफ्ट खाली आली. आई बाहेर पडून परत फोनवर, "बेल दाबली होती मी. लागली बरं का. कोण गं तो खालचा पोरगा, फार गोड बोलला."

पहिली इमेज टिकली. या खेपेला.

प्रज्ञा खाली बसली. माझ्याकडे बघितलं नाही तिने. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

२ जुलै, बुधवार

या वहीत आजवर मी माझ्याशीच बोलले. हे पान तसं नाही. याचा फोटो काढून, ज्यांच्याकडे पेट्या गेल्या त्या सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर पाठवते आहे. यादी प्रज्ञाने दिली, खालची हिंदीही तिचीच, तिच्या नावासकट. मी नको म्हटलं होतं. ती म्हणाली, "नाव येऊ दे की, ताई."

उंच इमारतींत राहणाऱ्यांनो! तुम्हाला सांगितलं आहे की संकटात कुणीतरी ऐकेल. यंदा जानेवारीपासून पुढे तुमच्या लिफ्टमध्ये 'पुकार' बसली असेल, तर कदाचित कुणी ऐकणार नाही. आमची चूक आहे. आम्हाला ती माहीत आहे. तुमच्यापासून लपवली आहे.

लिफ्ट तळमजल्यावर रिकामी उभी करा. दार उघडं ठेवा. गार्डला पेटीचा स्विच बंद करायला सांगा. तुम्ही बेल दाबून धरा, बोट काढू नका, आणि त्याला स्विच चालू करू द्या. हिरवा लागला तर ठीक. लाल लागला तर ती पेटी बदलून मिळेपर्यंत लिफ्टशी एक माणूस बसवा.

मी सुमित्रा. ती इमेज बिल्ड करणाऱ्यांतली. हे वाचून झालं की फोन खिशात टाका, खाली उतरा, आणि बेल दाबून धरा.